दुसरीची खोळ

शनिवार, ४ ऑक्टोबर

आलो एकदाचे. सामान उतरलं. कपाट एकच खरचटलं आणि तेही हिचं, माझं नाही. घर चांगलं आहे. हे आजच लिहून ठेवतो, कारण मी कशालाच चांगलं म्हणत नाही असा माझ्यावर घरचा जुना आरोप आहे. खोल्या चौकोनी आहेत, खिडक्या जिथे हव्यात तिथे आहेत, मागे अंगण आहे, आणि उजेड इतका की मला मनापासून हसू आलं. हिने ते पाहिलं. दिवसभर गुणगुणत होती.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. आम्ही तिघांनी आपापल्या अकलेनुसार पिळून पाहिला. ठिबकतोच. लेकीने वरची खोली बळकावली आणि सर्वांत आधी दाराला आतून कडी आहे ना, ते पाहिलं. बाराव्या वर्षी माणसाला याहून मोठी गरज नसते.

गॅरेज दोन गाड्यांचं आहे. एका बाजूला आमची उभी केली: करडी, चार दारांची, कामाची. दुसऱ्या बाजूला खाकी खोळीखाली आधीच एक गाडी उभी होती. दलालाने हे खरेदीच्या वेळीच सांगितलं होतं. ती घराबरोबर येते, घराबरोबर राहते, तशी अटच आहे म्हणे. ही म्हणाली, फुकट ते पौष्टिक. मी म्हणालो, फुकट ते बिघडलेलं.

खोळ उचलून पाहिली. पिवळीधम्मक. दोन दारं, दोन जागा, छत मागे दुमडायचं. म्हणजे एवढा पत्रा, एवढं रबर, आणि तिघांच्या कुटुंबातल्या एकाला घरी ठेवायची सोय.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी गल्लीत गाड्यांचा गलका. पाहतो तर प्रत्येक घरातून एकेक पुरुष बाहेर येऊन गॅरेज उघडतोय. प्रत्येकाकडे दुसरी गाडी आहे. कोणाची जुनी उंच चाकांची, कोणाची बुटकी आणि बोंबलणारी. आठवडाभर झाकून ठेवतात आणि रविवारी काढतात. जायचं कुठे? तळ्याच्या बंधाऱ्यापर्यंत आणि परत. कशासाठी? मौजेसाठी. ही मौज करताना त्यांचे चेहरे मात्र शाळेच्या कवायतीत असतात तसे होते.

शेजारच्या घरात दाताचा डॉक्टर राहतो. कुंपणावरून ओळख करून घेतली त्याने. स्वतःचे दात फारसे बरे नाहीत. गाडीला सगळे ‘दुसरी’ म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. पहिली संसाराला, दुसरी मनाला, असा विनोद त्याने केला आणि मी हसतो का ते पाहिलं. मी नाही हसलो. मग त्याने आमच्या पिवळीबद्दल विचारलं. तिलाही दर रविवारी काढायला हवी म्हणे, राव, खंड पाडू नका. मी विचारलं, खंड पडला तर काय होतं? रुसते, म्हणाला. पत्र्याला रुसवा येतो हे या गृहस्थाने इतकं शिकूनसवरून सांगितलं.

दिवस मावळायच्या आत सगळे परत. मग गल्लीभर एकच दृश्य: बॉनेट उघडायचं, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची एक वायर सैल करून काढून ठेवायची, म्हणजे आठवडाभर बॅटरी उतरत नाही. बॉनेट बंद. वर खोळ. खोळीच्या नाड्या बांधायच्या आणि बॉनेटवर दोन थापा, बाळाला झोपवताना मारतात तशा. प्रौढ माणसं!

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कारखान्यात रुजू झालो. काम माझ्या मनासारखं आहे. औषधाच्या बाटल्या बनतात. भट्टीतून निघालेली बाटली पट्ट्यावरून पांढऱ्या उजळ पडद्यासमोर येते. तिथे बसून तिच्यातला दोष शोधायचा: बुडबुडा, काचेची तार, कललेली मान. दोष दिसला की काठीने बाजूला. बाजूला केलेल्या बाटल्यांचा चुरा होतो आणि चुरा परत भट्टीत जातो. या जगात इतकी नीटनेटकी व्यवस्था दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आधीचा साहेब ढिला होता. मी पहिल्याच पाळीत अर्ध्याहून जास्त माल बाजूला काढला. फोरमन म्हणाला, साहेब, औषधच भरायचंय त्यात, तोंड नाही बघायचं. बाकीचे खाली मान घालून हसले. मी त्याला एक बाटली दिली आणि दोष दाखवायला सांगितलं. दिसला नाही. मग हसू थांबलं.

घरी आलो तर लेकीने या घराचं चित्र काढलेलं. छपराचा उतार चुकला होता. दाखवून दिलं. तिने कागद उलटा करून ठेवला. ही म्हणाली, आज एक दिवस तरी पडद्यासमोरून उठून या. हिला सुचतात अशी वाक्यं. वाया जातात.

रविवार, १२ ऑक्टोबर

काढली पिवळी. कारण लिहून ठेवतो: डॉक्टर सकाळपासून कुंपणाशी घुटमळत होता. माणूस कटकट थांबवायला जे करतो ते मी केलं.

हिला चल म्हटलं. नको म्हणाली. लेकीला नेलं असतं, पण मग ही एकटी राहते. ही गाडी बनवणाऱ्याने घरातली भांडणंसुद्धा आखून दिलेली आहेत. एकटाच गेलो.

जागा माझ्यासाठीच बसवल्यासारखी निघाली. आरसासुद्धा हलवावा लागला नाही. बंधाऱ्यावर रस्ता सरळ आहे, बाजूला पाणी. छत मागे टाकलं. वारा तोंडात भरला आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला. हसण्याचा असावा. आजूबाजूला कोणी नव्हतं.

परत आलो, वायर काढली, खोळ घातली. थापा मारल्या नाहीत.

रविवार, १९ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. मजा आली असं लिहिणार नव्हतो, पण या वहीशी खोटं बोलून मला काय मिळणार? मजा आली. आणि लाज वाटली. या गल्लीतल्या बावळटांना जे आवडतं तेच आपल्याला आवडावं, यासारखी नामुष्की नाही.

एक विचित्र गोष्ट. परतताना मी शीळ घालत होतो. दातांच्या फटीतून, तालात. मला शीळ येत नाही. लहानपणीही आली नाही. डॉक्टर फाटकाशी उभा होता. शीळ ऐकून त्याचा चेहरा उतरला. आधीचा मालक अशीच घालायचा म्हणाला. त्याला सगळे ‘इंजिनियर’ म्हणत. मोठा गमत्या माणूस, म्हणे. बायकापोरांत रमणारा, हातात पाना असला की जग विसरणारा, डावखुरा. मग त्याने घाईने सांगितलं की लवकर झाका, राव, ऊन गेलं.

इंजिनियरचं काय झालं, ते विचारलं. घरचे गेले, तो राहिला, असं म्हणाला. कुठे राहिला? त्यावर डॉक्टरने आमच्या गॅरेजकडे पाहिलं आणि हिरड्यांच्या निगेबद्दल बोलू लागला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

डॉक्टर आज घरी आला. चहा घेतला आणि नियम सांगितला. दुसरी फक्त रविवारी काढायची. मधल्या वारी कधी नाही. अगदी बाका प्रसंग आला तरी नाही. आणि पहिलीवर कधी खोळ घालायची नाही, धूळ बसली तरी चालेल. मी कारण विचारलं. सवय लागते, म्हणाला. कोणाला? तर म्हणे तिला, आणि तिच्यात जे असतं त्याला.

मी त्याला विचारलं की दात काढतानाही तो मंत्र म्हणतो का. ही मध्ये पडली, बिस्किटं पुढे केली. जाताना तो म्हणाला की साहेब, तुम्ही हुशार आहात, हुशार माणसांचंच चुकतं. या गल्लीत मला उपदेश करायला एक दाताचा डॉक्टर उरला होता.

बुधवार, २२ ऑक्टोबर

गॅरेजमध्ये गाडीत बसून लिहितो आहे. पिवळीत.

आज कामावर पिवळी घेऊन गेलो. बुधवारी! सकाळी कल्पना सुचली आणि इतकी आवडली की दाढी करताना कापलं. डॉक्टर रोज येताजाता आमच्या गॅरेजात डोकावतो. त्याला खोळीखालची गाडी दिसायला हवी. म्हणून खोळ काढून करडीवर घातली. नाड्या बांधल्या. नाटक पुरं व्हावं म्हणून करडीची वायरही काढून ठेवली आणि बॉनेटवर दोन थापा मारल्या. मग पिवळी काढली आणि त्याच्या खिडकीखालून नेली.

काय झालं? काही नाही. आभाळ कोसळलं नाही. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी उठून उभा राहिला, एरवी राहत नाही. पडद्यासमोर बसल्यावर आज डोळे जरा पाणावत होते. दुपारी फोरमनने एक बाटली पुढे केली, तळाशी भला मोठा बुडबुडा. मी ती हातात धरून बराच वेळ पाहत राहिलो म्हणे, बाजूला काढलीच नाही. उन्हात गाडी चालवल्याचा शीण.

आता करडीवरची खोळ काढून पिवळीवर घालतो, पिवळीची वायर काढतो आणि वर जातो. जेवायला उशीर झाला की ही काही बोलत नाही, आणि ते न बोलणं ऐकवत नाही. वही इथेच, समोरच्या खणात ठेवतो. घरात लेकीच्या हाती लागते.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज गुरुवार नाही. रविवार आहे. तीनदा विचारून घेतलं.

बुधवारी वायर काढली, इथवर आठवतं. पान्याखाली बोल्ट सैल झाल्याचं आठवतं. त्याच्या पुढचा क्षण: मी बंधाऱ्यावर आहे, हात स्टिअरिंगवर, छत मागे, सकाळचं ऊन. आणि शेजारी ही. केसांना रुमाल बांधलेली. हसत होती. इतकी की डोळ्यांत पाणी. मी तिच्याकडे वळून पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

आरशात पाहिलं. मिशी नाही. लग्नाआधीपासूनची मिशी.

घरी आल्यावर ही स्वयंपाकघरात गेली, नळ जरा वर उचलून फिरवला. बंद. एक थेंब नाही. मी विचारलं, हे कसं कळलं? तुम्हीच तर गुरुवारी दाखवलंत, म्हणाली.

मधल्या दिवसांत मी कामावर गेलो होतो. कोणी तक्रार केलेली नाही. उलट फोरमनचा निरोप आला होता की साहेब, पोरं खूश आहेत. लेकीच्या खिडकीत एक बाटली आहे, बुडबुडावाली. मी आणून दिली म्हणे. मी तिला टाकून दे म्हणालो, सदोष आहे. लेक म्हणाली, पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, बुडबुडा म्हणजे बाटलीने घेतलेला श्वास.

असलं भिकार वाक्य मी म्हणणार नाही. मेलो तरी म्हणणार नाही.

डोक्याच्या डॉक्टरकडे जायला हवं. उद्याच वेळ घेतो.

रविवार, २ नोव्हेंबर

वेळ घेतलीच नाही. सोमवार आलाच नाही.

रविवारी संध्याकाळी वायर काढली आणि पुन्हा थेट बंधारा. स्टिअरिंग, ऊन. मधला आठवडा कोणीतरी कापून घेतला आहे. पट्ट्यावरून बाटल्या उचलाव्यात तसा.

नीट विचार करतो. वायर काढली की मी संपतो. खोळ निघून वायर जोडली की मी येतो. म्हणजे वायर काढायची नाही. सोपं आहे.

मधल्या दिवसांत जो असतो तो चांगलाच पाहुणचार घेतोय. बैठकीच्या खोलीत खुर्च्या हलवल्या आहेत. छपराच्या उताराचं ते चित्र भिंतीवर लावलं आहे, चुकीच्या उतारासकट. माझ्या कपाचा कान डावीकडे. लेक म्हणते की परवा डॉक्टरकाकांनी कुंपणावरून हाक मारली, काय इंजिनियर, आणि बाबा, तुम्ही ओ दिली.

आज वायर काढणार नाही. खोळ घालणार नाही. पाना तळ्यात फेकून आलो आहे. उद्या सोमवार आहे आणि मी कामावर जाणार आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

वायर हिने काढली. मी वर तोंड धूत होतो. बंधारा. ऊन.

पाना कुठून आणला? कोपऱ्यावरच्या दुकानातून, म्हणाली. अख्खी पेटीच आणून ठेवली आहे, सगळ्या नंबरांची. तुम्हीच सांगून ठेवलंय ना, की रविवारी मी टाळाटाळ केली तर तू काढ.

डॉक्टरला फाटकातच धरलं. कॉलर धरली. तो घाबरला नाही, थकल्यासारखा उभा राहिला. सांगितलं त्याने. पत्ता सांगावा तितक्या सरळ. प्रत्येक दुसरीत एक जण असतो. त्याला आठवड्यातून एकदा हवा दाखवायची, मग झाकायचं. तेवढ्यावर तो राजी असतो. इंजिनियर इतकी वर्षं आमच्या पिवळीत होता. त्याच्याआधी आणखी कोणी होता, तो इंजिनियरच्या बायकापोरांबरोबर, इंजिनियरचे कपडे घालून दुसऱ्या गावी गेला. बुधवारी तुम्ही तुमच्या रोजच्या गाडीवर खोळ घातलीत, म्हणाला. स्वतःच्या हाताने वायर काढलीत. थापासुद्धा मारल्यात. म्हणजे रोजचा माणूस झाकला. मग इंजिनियरने काय करावं? जागा रिकामी होती, राव. तो रोजचा झाला. तुम्ही दुसरे.

मी म्हणालो, गाडी जाळतो. एकाने जाळली होती, म्हणाला. मग त्याला रविवारही उरला नाही.

मग त्याने माझा हात कॉलरवरून सोडवला आणि म्हणाला की इंजिनियर परत आल्यामुळे गल्लीला बरं वाटतंय. एवढं बोलून त्यालाच वाईट वाटलं असावं. तुम्हीही चांगलेच आहात, म्हणाला. रविवारी येत जा.

दात किडलेल्या माणसाने माझी कीव केली.

रविवार, १६ नोव्हेंबर

हिला सगळं सांगितलं. बंधाऱ्यावरच गाडी थांबवून. तिने ऐकलं. वेडा ठरवेल, रडेल, डॉक्टरकडे चला म्हणेल, असं वाटलं होतं.

म्हणाली, पहिल्या गुरुवारीच कळलं. पंधरा वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून बसले, मला कळणार नाही होय?

मग का नाही—

म्हणाली, तो विचारतो मला. काय विचारतो? काहीही. भाजी कोणती. पडदे कोणते. दिवस कसा गेला. मी सांगते आणि तो ऐकतो. चूक काढत नाही. पोर दाराला कडी लावत नाही आता. तुमच्या लक्षात आलं का? नाही आलं.

मी म्हणालो, तो भूत आहे. तिने विचार केला. म्हणाली, असेल.

मग माझ्या बाहीवरचं काहीतरी झटकलं, पूर्वी झटकायची तसं, आणि म्हणाली की रविवारी भेटते ना मी तुम्हाला. येते ना तुमच्याबरोबर. अहो, एक दिवस हसून खेळून—

हसून खेळून! मी तिला म्हणालो की तू त्या गल्लीतल्या गाड्याथापट्यांची बायको शोभतेस. चूक झाली. तेव्हा कळलं नाही. आता लिहिताना कळतंय. ऊन उतरतंय. घरी जाऊन माफी—

रविवार, २३ नोव्हेंबर

माफी राहिली.

आज ती आली नाही. शेजारची जागा रिकामी.

बंधाऱ्यावर वळलो नाही. सरळ गेलो. गाव संपलं, शेतं संपली. ठरवलं की थांबायचंच नाही. दिवस मावळेपर्यंत इतकं दूर जायचं की कोणाचा हात बॉनेटपर्यंत पोचणार नाही. मग सोमवार माझ्या डोळ्यांसमोर उगवेल. कसाही असो. रस्त्याकडेला उगवो.

पेट्रोल संपलं. बरोब्बर बंधाऱ्यापर्यंत जाऊन येण्यापुरतंच भरतो तो. काटा आधी पाहायला हवा होता. मी! दोष शोधून ज्याचं पोट भरतं तो—

ढाबा नाही, पाट्याही नाहीत, काही नाही. नुसता रस्ता. मग मागून आवाज. त्यांच्या गाड्या. रांगेत. सगळी गल्ली. दोर आणला होता. बांधली. ओढत आणली. कोणी रागावलं नाही. थर्मासमधून चहा दिला मला. डॉक्टर म्हणाला, होतं असं सुरुवातीला.

त्यांचे चेहरे पाहिले. आज जवळून पाहिले. कवायतीसारखे म्हटलं होतं मी. तसे नाहीत. बाहेर यायला मिळालेल्या माणसांचे आहेत. काही तासांपुरते बाहेर—

म्हणजे रविवारी ते घरमालक नसतात. ते—

डॉक्टरसुद्धा. विचारलं, किती वर्षं? तो हसला. दात दिसले.

रविवार

तारीख माहीत नाही. झाडं दुसरी दिसतात. आठवडा नव्हे, जास्त गेलं. मध्ये रविवार गाळले त्यांनी.

ओसरीत खोकी. दोरीने बांधलेली. हिच्या अक्षरात ‘काच’. ‘पुस्तकं’. ‘स्वयंपाकघर’.

जाताहेत.

लेकीची शाळा, म्हणाली ही. दुसऱ्या गावी चांगली आहे. त्याला तिथे नोकरी मिळाली. घर विकलं. दलाल येऊन गेला. पिवळी घराबरोबर राहते. तशी अटच—

नवे लोक कधी येणार? ठाऊक नाही म्हणाली. आणि आले तरी काढतील की नाही.

बंधाऱ्यापर्यंत नाही गेलो. गॅरेजमध्येच. वायर जोडली होती ती फक्त मला सांगायला. तेवढी माणुसकी. म्हणाली, न सांगता जाववेना.

माफी मागितली. खरी मागितली. तिने ऐकली. पुसून घेतलं तोंड. उशीर झाला हो, म्हणाली.

लेक आली. दारात उभी. बाबा म्हणाली. मला. मला म्हणाली, त्याला नाही. बाटली शेजारच्या जागेवर ठेवली आणि पळाली. वरून कडीचा आवाज आला.

माझ्यासाठी. कडी. अजून.

दारं आतून लावून घेतली आहेत. काचा वर. पण बॉनेटची खटकी बाहेरून उघडते. जुनी गाडी. खोळ मागून येतेय. छतावर आली. मागची काच गेली. बाजूच्या गेल्या. समोर एवढाच उजेड, बॉनेट उभं, त्याच्या फटीतून हिचे हात.

बाटली उजेडात धरली. सवय. तळाशी, डावीकडे, बुडबुडा. मान किंचित कललेली. काढायलाच हवी होती बाजूला.

श्वास म्हणे.

आहे खरा. आत. बंद. किती दिवस पुरेल त्याला—

हात थांबले. बोल्ट निघत नाही तिला. निघूच नये. पेटीतला बारा नंबरचा घेतलाय तिने, घसरतोय, गोल फिरतोय. नुसती फिरवत राहिली तर— थकेल. सोडून देईल. उजाडेल. सोमवार—

अगं, तो नाही. दहाचा घे.

मी बोललो. मोठ्याने. तोंडातून गेलं. चूक दिसली की—

तिने मान वर केली. फटीतून पाहिलं माझ्याकडे. पेटीत हात घातला. दहाचा. बसला. पहिला वेढा. आता दुसरा आणि